द्वारकाबाईंचा भोवरा

वयाच्या चौदाव्या वर्षी मी माझ्या मास्तरीणबाईंना भर सारंगखेड्याच्या जत्रेत घोडी ठरवलं. तोंड घोड्यांच्या सौदागराचं होतं, शब्द माझे होते. तेव्हा मला ती फार मोठी हुशारी वाटली होती. आता तोंडात एक दात राहिलेला नाही, तरी ती हुशारी आठवली की जीभ चावली जाते. हिरड्यांनी चावलेली जीभसुद्धा दुखते, हे म्हातारं झाल्यावर कळतं.

आठवायचं कारण माझी नात. परवा ती मासिकातल्या चौकोनांत फुल्या मारत बसली होती. 'आपला स्वभाव ओळखा.' पोरगी चित्रं काढते, आणि असलं काही हाती लागलं की जेवण विसरते. तिचा भाऊ बँकेत आहे. त्याला म्हटलं, "तू नाही का रे भरत?" तर म्हणाला, "आजी, मी कसा आहे ते मला माहीत आहे." आणि गेला आंघोळीला. नात म्हणाली, "तुझ्या वेळी असलं काही होतं का ग?" मी म्हटलं, "होतं. आम्ही घोड्यांवरून करायचो." ती खो खो हसली. मी पोळीचा तुकडा उगाच चघळत बसले.

शहाद्याच्या मुलींच्या शाळेत आम्हांला ओळीनं तीन वर्षं द्वारकाबाई होत्या. ठेंगण्या, सावळ्या, मान जराशी डावीकडे कललेली, जशी कुणाची हाक नीट ऐकू आली नाही. माहेर रनाळ्याचं. लहानपणीच कपाळ पांढरं झालं, सासऱ्यानं शिकू दिलं, एवढं गावाला ठाऊक होतं आणि त्यापलीकडे कुणी विचारत नव्हतं. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत आणि आमच्याकडूनही बोलवून घेत. कुणी "बाई, मन्ही पाटी फुटनी" म्हटलं की लगेच, "माझी पाटी फुटली. म्हण." पाटी फुटल्याचं दुःख राहायचं बाजूला. पण विंचू दिसला, बोट भाजलं, की बाईंच्याही तोंडून रनाळंच बाहेर पडे, "अय माय व!" आणि मग त्या इकडेतिकडे बघत, कुणी ऐकलं तर नाही ना.

माझ्यावर त्यांची एका गोष्टीसाठी कायम नजर असे. दुसरी मुलगी कविता म्हणायला उभी राहिली की माझे ओठ आपोआप हलत. मला ते कळतही नसे. बाई छडी न उचलता म्हणत, "कमळे, तोंड तिचं आहे. तू आपलं मिटून ठेव." मी मिटायची आणि दोन ओळींनंतर पुन्हा सुरू.

बाई गाणी करत. भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर आमच्याकडे पोरी गुलाबाई बसवतात. मातीची गुलाबाई, मातीचा गुलोजी, रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी टिपऱ्या आणि गाणी, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. त्या गाण्यांतली निम्मीअधिक नवी गाणी द्वारकाबाईंची असत. ती मात्र पुस्तकी मराठीत नसत, घरच्या बोलीत असत. ओळ सुचायला लागली की बाई हातातला खडू चुरत. लुगड्याच्या निऱ्यांवर पांढरा भुगा दिसला की आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसायचो, आज नवं गाणं. एक होतं:

गुलाबाई बठनी वोटावर,
तिन्ही सावली पडनी वाटावर.
वाटसरू पुसे, हाई कोन व माय?
सावली म्हने, मलेच सांग ना माय.

अर्थ सोपा. ओट्यावर बसलेल्या गुलाबाईची सावली वाटेवर पडली. वाटसरूनं विचारलं, ही कोण? तर सावली म्हणते, तूच मला सांग. पोरी हे गाणं टिपऱ्या तुटेपर्यंत म्हणत. कुणी केलं ते कुणी विचारत नसे. पाणी विहिरीतून येतं, गाणं बायकांतून येतं, असाच सगळ्यांचा समज.

आणि हे गाणं करणारी बाई खुद्द वाटसरूंनाच विचारत फिरायची! कसाही भटका ज्योतिषी, चेहरा वाचणारा, पिंगळा, पोपटवाला गावात शिरला की द्वारकाबाई पहिल्या. शाळेच्या ओट्यावर पोपटवाला बसला तेव्हाची गंमत मला अजून दिसते. पोपटानं चिठ्ठी काढली, तीत निघालं की तुम्ही शांत आहात. बाई म्हणाल्या, "पुन्हा काढू दे." दुसरीत निघालं, तापट आहात. "बरोबर," बाई म्हणाल्या, "आता तिसरी." पोपटवाला म्हणाला, "बाई, पोपट दमला." पुण्याहून येणाऱ्या एका मासिकात असेच स्वभावाचे प्रश्न आले होते, ते त्यांनी सकाळी उपाशीपोटी सोडवले, दुपारी जेवून सोडवले आणि संध्याकाळी डोकं दुखत असताना सोडवले. दुसऱ्या दिवशी वर्गात हसत हसत म्हणाल्या, "मुलींनो, काल मी तिघी निघाले. आज तुम्हांला कोणती शिकवते आहे ते ओळखा."

त्यांच्या स्वतःच्याही परीक्षा असत. आमच्याकडे जेवायला आल्या की भाकरी कोण कडेनं मोडतो आणि कोण मधून, हे बघत. माझी आई मधून मोडायची. "तुम्हांला धीर नाही," बाई म्हणाल्या. आई म्हणाली, "धीर कसला बाई, मधली मऊ असते."

एकदा मी फार शहाणपणानं विचारलं होतं, "बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि पोपटाला काय विचारता?" त्या म्हणाल्या, "आपण आपल्याला पाठीकडून कधी दिसतो का ग? नाही ना? मग मागे जो उभा असेल त्यालाच विचारायचं. पोपट तर पोपट."

असल्या ज्योतिष्यांपुढच्या रांगेत बाईंच्या बरोबर कोण कोण उभं असे, ते मी तेव्हा फक्त हसण्यासाठी बघितलं होतं. दाऊद रंगारी असे. त्याचे हात कोपरापर्यंत निळे, हस्तरेषावाला म्हणायचा, आधी हात धुऊन ये. तमाशात राधा होणारा एक बुवा असे. बैलगाड्यांच्या साट्यांवर मोर कोरणारा सुतार असे. आणि समोरच्या किराणा दुकानातले मारवाडी शेठजी कधी नसत. हस्तरेषावाला त्यांच्याकडे गेला तर ते म्हणाले, "हाथ मेरा है, मेरे को मालूम है. गल्ले में जाता है." सगळा बाजार हसला. मीही शेठजींच्या बाजूनं हसले. शेठजी मला शहाणे वाटले, आणि बाई, दाऊद, सुतार हे सगळे भोळे.

परवा नात फुल्या मारताना दिसली आणि वाटलं, शेठजींना गूळ कुठून येतो ते माहीत होतं. बाईंना ओळ कुठून येते ते माहीत नव्हतं. ज्याच्या घरात रोज कुणीतरी न सांगता येऊन काहीतरी ठेवून जातं, तो माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणारच, बाबा, माझ्या घरात कोण राहतं?

पण हे शहाणपण आजचं. चौदाव्या वर्षी माझ्याकडे दुसरं होतं.

त्याच साली श्रावणात धुळ्याहून डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले. आम्ही सावलीचं गाणं म्हटलं. साहेबांना फार आवडलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे पद कोणी रचलं?" आम्ही सगळ्या पोरींनी एकदम बाईंकडे पाहिलं. बाई टेबलाजवळ उभ्या होत्या. त्या एक पाऊल मागे सरकल्या, मग आणखी एक, आणि पाठ भिंतीवरच्या नकाशाला टेकली तेव्हा थांबल्या. म्हणाल्या, "जुनं आहे साहेब. गावात बायका म्हणतात."

"कुणी का असेना, मोठी कल्पक बाई असली पाहिजे."

"असेल," बाई म्हणाल्या. त्यांच्या पाठीमागे हिंदुस्थान हलत होता.

बाकीच्या पोरी हळहळल्या. मला मात्र काहीतरी सापडल्यासारखं झालं. आमच्या बाई घाबरतात! सापांना नाही, सासरच्यांना नाही, डिप्टीलाही नाही. पुढे उभं राहायला घाबरतात. चौदा वर्षांच्या पोरीला असं काही सापडलं की ते वापरल्यावाचून तिला चैन पडत नाही.

गुलाबाईच्या महिन्यात धुळ्याच्या एक वकिलीणबाई शहाद्याला नातलगांकडे आल्या होत्या. त्यांनी गाणी ऐकली, चौकशी केली आणि थेट शाळेत आल्या. माघात धुळ्याला बायकांचा मोठा मेळावा होता. "तुम्ही स्वतः उभ्या राहून गाणी म्हणायची," वकिलीणबाई म्हणाल्या. "आणि आम्ही पुस्तक छापणार. वर तुमचं नाव." बाईंनी हातातला अख्खा खडू चुरून टाकला. म्हणाल्या, "दत्तजयंती होऊ द्या. मग सांगते."

वकिलीणबाईंना वाटलं काही नवस असेल. मला बरोबर ठाऊक होतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा, आणि जत्रेत देशभरचे माणसं वाचणारे. बाईंना कौल हवा होता.

त्यांना जायचं किती होतं, तेही मीच पाहिलं. दप्तर विसरले म्हणून शाळा सुटल्यावर परत गेले, तर बाई रिकाम्या वर्गात बाकांकडे तोंड करून उभ्या, पदर नीट केलेला, हात कुठे ठेवावेत ते कळत नसलेले, आणि बारीक आवाजात गात होत्या. मला बघितलं मात्र, फळा पुसायला लागल्या. फळा कोराच होता.

माझे वडील कडब्याचे व्यापारी. जत्रेत दर साल आमच्या गंजी लागत. तापीच्या काठानं घोडे बांधलेले, सौदे रुमालाखाली बोटं धरून चाललेले. रहीमभाई नावाचे म्हातारे सौदागर वडिलांकडूनच कडबा घेत, मला बेटी म्हणत. घोड्याचं त्यांचं ज्ञान मोठं. गिऱ्हाईक आलं की घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे दाखवून स्वभाव सांगत. गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असेल तर घोडा धन्याला तारतो, अमुक जागी भोवरा असेल तर लाथ मारतो, तमुक जागी असेल तर घरी टिकत नाही. लोक दात बघून वय ठरवत आणि भोवरा बघून भरवसा.

बाई आमच्याच गाडीतून जत्रेला आल्या होत्या. त्या देवाला गेल्या तेवढ्यात मी रहीमभाईंना गाठलं.

"चाचा, आमच्या बाई येतील. त्या तुम्हांला माणसाचा भोवरा वाचायला सांगतील."

"बेटी, मैं जानवर का बोलता. इन्सान का मेरा काम नहीं."

"गंमत आहे चाचा. त्या विचारतीलच. तुम्ही एवढंच म्हणायचं." आणि मी त्यांना वाक्य सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं. ते दाढी खाजवत म्हणाले, "इतना ही ना? बुरा तो नहीं मानेगी?"

"छे! हसतील."

मी स्वतःला काय सांगत होते माहीत आहे? की हे सगळं थोतांड आहे, आणि मी ते पुराव्यानिशी सिद्ध करणार आहे. बाईंना कौल मिळाला की मी टाळी वाजवून सांगणार, बघा, हा कौल माझा! म्हणजे बाई शहाण्या होणार. एवढी थोर समाजसुधारक मी! पण थोतांडच सिद्ध करायचं होतं तर वाक्य कुठलंही चाललं असतं. बाई लबाड आहेत म्हणवलं असतं, बाई खादाड आहेत म्हणवलं असतं. मी शोधून शोधून तेच का निवडलं, हे मला तेव्हाही आतून कळत होतं. तीर खोटा होता, नेम खरा होता.

बाई आल्या. रहीमभाई एका पांढऱ्या घोडीचा भोवरा कुणाला तरी समजावत होते. बाई मान कलती करून ऐकत राहिल्या. मग माझ्या अंदाजाप्रमाणे पुढे झाल्या. "भाई, माणसालाही भोवरा असतो ना हो? आमच्यात म्हणतात, डोक्यावर दोन भोवरे म्हणजे दोन बायका."

लोक हसले. रहीमभाई म्हणाले, "असतो बाई."

"मग माझा सांगा."

भोवती दहावीस माणसं. परक्या पुरुषापुढे डोक्यावरचा पदर काढायची सोय नव्हती. बाईंनी त्याचाही विचार केला होता. माझ्याकडे वळल्या, पाठ लोकांकडे केली आणि पदर जरासा मागे सारून मान माझ्यासमोर खाली घातली. "कमळे, तू बघ. कुठे आहे, कसा वळतो, ते भाईंना सांग."

हे माझ्या बेतात नव्हतं. बाईंचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं. खोबरेल तेलाचा वास. मी बोटांनी केस बाजूला केले. वरून काळे दिसणारे केस आत पांढरे झाले होते, आणि भोवऱ्याच्या जागी टाळू लहान मुलासारखी मऊ, गुलाबी दिसत होती. ती नाडीसारखी उडते की काय असं मला वाटलं. तिथेच थांबता आलं असतं. "बाई, चला घरी," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, "चाचा, मधोमध आहे. उजवीकडून डावीकडे वळतो."

रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि शिकवलेला पाठ म्हटला. "ये घोडी पीछे अच्छी चलती है. आगे डालो तो बिदकती है."

केवढा हशा झाला! एक जण म्हणाला, "बाईले तांगाले जुपा रे!" बाईही हसल्या. वळल्या, पदर सारखा केला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग रहीमभाईंना विचारलं, "और?"

म्हातारा चपापला. त्यानं मला विचारल्यासारखं पाहिलं, पण मी पुढचं काही शिकवलंच नव्हतं. मग तो आपल्या मनानं म्हणाला, "बोझा उठाती है बाई. गिराती नहीं." आणि घोडीच्या पाठीवरून उगाच हात फिरवू लागला.

आता टाळी वाजवायची होती. माझे हात वर आलेच नाहीत. मनाशी म्हटलं, गाडीत सांगू. गाडीत बाई आईशी रताळ्यांबद्दल बोलत होत्या. म्हटलं, उद्या शाळेत सांगू. शाळेत त्यांनी भूगोल काढला. मग रोजचा उद्या पुढे पुढे गेला. लाज ही अशी वस्तू आहे की पहिल्या दिवशी उचलायला हलकी असते, आणि ठेवली की वजन धरते.

बाईंनी धुळ्याला नकार कळवला. "गाणी गावाची आहेत, नाव कशाला?" हे कळल्यावर गावानं काय कौतुक केलं! शाळेच्या कमिटीच्या लोकांनी म्हटलं, याला म्हणतात विनय. माझी आई मला म्हणाली, "शीक काही. नाही तर तू, वीतभर रांगोळी काढली तर गल्लीभर सांगत फिरतेस." मी मान खाली घालून भाकरी कडेनं मोडत बसले.

पुढच्या भादव्यात गुलाबाई बसली. आम्ही बाईंच्या निऱ्यांकडे बघत होतो. लुगडं स्वच्छ होतं. कुणीतरी धीर करून विचारलं, "बाई, नवीन गाणं?" त्या म्हणाल्या, "जुनी काय वाईट आहेत? जुनीच म्हणा." जत्रेतही त्या पुन्हा कुणापुढे हात घेऊन बसल्या नाहीत. पोपटवाला आला तर दारातून बघून आत गेल्या. गाव म्हणालं, बाई सुधारल्या. म्हणजे माझा समाजसुधारणेचा बेत तडीस गेला होता.

नंतर माझं लग्न झालं, नंदुरबारला गेले, दोन लेकरं झाली. तिथल्या गल्लीत गुलाबाईला पोरी सावलीचंच गाणं म्हणत. मी खिडकीतून ऐकायची आणि माझे ओठ हलत. एकीला विचारलं, "कुणाचं ग हे?" तर म्हणाली, "कोनंच नही. आसंच शे." कुणाचंच नाही, असंच आहे.

त्या वर्षी माहेरी गेले तेव्हा शहाद्यात उतरल्या उतरल्या लोणखेड्याची वाट धरली. बाई तिथे भाच्याकडे राहत होत्या, शाळेची नोकरी सुटली होती. अंगणात लाल मिरचीचा ढीग, आणि त्या बसून देठ खुडत होत्या. अगदी लहान झालेल्या, पदर खांद्यावर पडलेला, डोकं आता पूर्ण पांढरं, आणि भोवरा उन्हात लांबूनच दिसत होता. मान तशीच कलती. मला ओळखलं, "ये कमळा, बस," म्हणाल्या आणि माझ्यापुढे मूठभर मिरच्या सारल्या. त्यांच्याकडे रिकामं बसायची पद्धत नव्हती.

मी खुडत बसले. बोटांची आग व्हायला लागली. लेकरांचं झालं, सासूचं झालं, कडब्याचा भाव झाला. मग मी मिरच्यांकडे बघत एका दमात सांगून टाकलं. "बाई, सारंगखेड्याला रहीमभाई बोलला ते मी शिकवलेलं होतं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. देठ खुडणं थांबलं नाही. "तो बोलत होता आणि तुझे ओठ हलत होते."

माझे डोळे भरून आले, आणि मिरचीच्या हातांनी ते पुसताही येईनात. मी तशीच नाक ओढत, रडत, शिंकत बसले, आणि जवळजवळ भांडल्यासारखं विचारलं, "मग खोटं आहे हे माहीत असताना तुम्ही धुळ्याला का नाही गेलात?"

बाईंनी हातातली मिरची खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्याशी पुस्तकी बोलल्या नाहीत, रनाळ्याचं बोलल्या.

"परका मानूस बोलता, तं मी हाशी सोडी देती. पन तू तीन साल मन्हा समोर बठेल व्हती. मले वाटनं, पोरले दिसनं व्हई."